मूत्रपिंडाचा सांगावा

आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेन गावात पंधराव्या शतकात कॉर्नेलियस रूलान्स नावाचे वैद्य होते. लहान मुलांच्या आजारांवर त्यांनी लिहिलेलं लॅटिन पुस्तक १४८४ च्या सुमारास छापलं गेलं. त्यात ५२ आजारांची यादी आहे आणि एक्कावन्नावा आजार आहे मुलाच्या सर्वांगाला येणाऱ्या सुजेचा. आजचा बालरोगतज्ज्ञ ते वाचताच मूत्रपिंडाचं नाव घेईल आणि लघवी तपासायला पाठवेल. त्या काळी मात्र ही सूज हाच आजार समजला जाई. ती कुठून येते हे ओळखण्याचं साधन वैद्याच्या हाती नव्हतं.

मूत्रपिंडाची अडचण हीच आहे. दात दुखतो, कान दुखतो, पोट दुखतं. मूत्रपिंड बहुतेक वेळा मुकाट्याने बिघडतं. तान्ह्या बाळाला तर दुखलं तरी सांगता येत नाही. त्यामुळे या अवयवाचा सांगावा नेहमी दुसऱ्याच कोणीतरी आणावा लागला: कधी लघवीतल्या प्रथिनाने, कधी रक्तातल्या क्रिएटिनिनने, कधी एखाद्या जनुकाने. शरीरातल्या अशा मोजता येणाऱ्या खुणेला आज बायोमार्कर म्हणतात. वैद्य या खुणेला दोन प्रश्न विचारत आला आहे: मुलाला काय झालंय, आणि पुढे त्याचं काय होणार? पहिल्याचं उत्तर शोधायला शतकं लागली. दुसऱ्याचा शोध अजून चालू आहे.

लघवीकडे पाहून रोग ओळखण्याची धडपड तशी फार जुनी. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत लघवीवर तरंगणाऱ्या बुडबुड्यांचा संबंध मूत्रपिंडाच्या चिवट आजाराशी जोडलेला आहे. आपल्याकडे योगरत्नाकर या ग्रंथात तैलबिंदू परीक्षा सांगितली आहे. लघवीवर तेलाचा थेंब सोडायचा. तो पसरला तर रोग साध्य, जागीच राहिला तर कष्टसाध्य, बुडाला तर असाध्य. म्हणजे इथे रोगाच्या नावाइतकंच महत्त्व रोगाच्या भवितव्याला होतं. पण थेंब आणि बुडबुडे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे होते. लघवीत नेमकं काय मिसळलंय हे कळायला विस्तवाची मदत घ्यावी लागली.

ती इटलीतल्या डोमेनिको कोतुन्यो यांनी घेतली. अंगावर सूज आलेल्या एका सैनिकाची लघवी त्यांनी तापवली, तेव्हा अंड्याचा पांढरा बलक शिजावा तसा साका तिच्यात धरला. हे निरीक्षण त्यांनी १७६४ च्या ग्रंथात नोंदवलं. रक्तात असायला हवं ते प्रथिन लघवीत उतरत होतं. मुलांच्या बाबतीतला धागा विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१२ मध्ये लंडनमध्ये पकडला. स्कार्लेट फीवर, म्हणजे घसा आणि अंग लाल करणारा ताप, उतरल्यानंतर काही आठवड्यांनी अनेक मुलांना सूज येई. अशा रुग्णांच्या लघवीत रक्ताचा अंश आणि तापवल्यावर गोठणारा भाग असतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

सुजेपासून मूत्रपिंडापर्यंतची वाट पूर्ण केली ती लंडनच्या गाइज रुग्णालयातल्या रिचर्ड ब्राइट यांनी. त्यांची परीक्षा अगदी साधी होती. चमच्यात थोडी लघवी घ्यायची, चमचा मेणबत्तीवर धरायचा आणि दूध फुटावं तशी ती फुटते का ते पाहायचं. पुढचं काम अवघड होतं. ज्यांची लघवी अशी फुटली होती त्यांच्यातला कोणी दगावला की ब्राइट शवविच्छेदन करून मूत्रपिंडं काढून पाहत. ती वेळोवेळी बिघडलेली निघत. सूज, लघवीतलं प्रथिन आणि खराब मूत्रपिंड ही तीन टोकं त्यांनी १८२७ च्या ग्रंथात एकत्र बांधली. १८४२ मध्ये रुग्णालयाने या एकाच आजाराच्या अभ्यासासाठी त्यांना सहा महिने दोन कक्ष आणि ४२ खाटा दिल्या, जोडीला प्रयोगशाळाही दिली. एका खुणेच्या जोरावर एका आजाराला स्वतःची जागा मिळाली होती.

पण चमच्यातला साका फक्त गळती सांगत होता. मूत्रपिंडाची गाळणी का फाटली, आणि ती पुन्हा सांधेल की नाही, याबद्दल तो गप्प होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या मौनाची किंमत मुलांनी मोजली. दोन ते सहा वर्षांचं एखादं मूल सकाळी सुजलेल्या पापण्यांनी उठे. आठवड्याभरात पोट आणि पाय सुजत. लघवीतून प्रथिन धो धो वाहून गेल्याने रक्त पातळ पडे आणि पाणी रक्तवाहिन्यांतून निसटून अंगात साठे. त्या वेळी या अवस्थेला नेफ्रोसिस म्हणत, पुढे नेफ्रोटिक सिंड्रोम हे नाव रूढ झालं. मुलं महिनोन्महिने रुग्णालयात पडून असत. रोगाशी लढणारी प्रथिनंही लघवीवाटे निघून गेल्याने साधा जंतुसंसर्ग त्यांना घेऊन जाई. सल्फा औषधं आणि नंतर पेनिसिलिन आलं तेव्हा संसर्गाने होणारे मृत्यू घटले. १९५० च्या सुमारास एसीटीएच आणि कॉर्टिझोन ही संप्रेरकं वापरून पाहिली गेली आणि डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत अनेक मुलांची सूज ओसरली. अनेकांची, सगळ्यांची नाही. मग प्रश्न उभा राहिला: कोणाची ओसरणार हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर मूत्रपिंडाच्या तुकड्यात असेल, असं वाटलं. कोपनहेगनच्या पोल इव्हर्सन आणि क्लाउस ब्रुन यांनी १९५१ मध्ये पाठीतून सुई घालून जिवंत माणसाच्या मूत्रपिंडाचा कण काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शिकागोच्या रॉबर्ट कार्क आणि रॉबर्ट म्युर्के यांनी १९५४ मध्ये रुग्णाला पालथं झोपवून ती अधिक खात्रीची केली. मुलांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली गेले आणि डॉक्टर चक्रावले. बहुतेक मुलांच्या मूत्रपिंडात जवळजवळ काहीच बिघाड दिसेना! १९५७ मध्ये मिनेसोटातल्या मेरिलिन फार्कर, रॉबर्ट व्हर्नियर आणि रॉबर्ट गुड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लावला, तेव्हा कुठे खरा दोष सापडला. गाळणीच्या जाळीला बाहेरून कवटाळणाऱ्या पेशींचे बोटांसारखे पाय सपाट होऊन एकमेकांत मिसळले होते. साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या या प्रकाराचं नावच ‘मिनिमल चेंज’, म्हणजे किमान बदल, असं पडलं.

तरीही प्रत्येक सुजलेल्या मुलाच्या पाठीत सुई घालायची का? रक्तस्रावाचा धोका होता, आणि तुकडा वाचू शकणारा तज्ज्ञ सगळीकडे नव्हता. न्यूयॉर्कचे हेन्री बार्नेट यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियातली रुग्णालयं एकत्र आली आणि मुलांच्या मूत्रपिंडविकारांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास सुरू झाला. कोणतंही एक रुग्णालय शेकडो मुलं एकाच पद्धतीने तपासू शकत नव्हतं, म्हणून ही एकजूट. औषध देण्याआधी तुकडा काढायचा, मग ठरलेल्या मात्रेत प्रेडनिसोन हे कॉर्टिझोनच्या जातीचं स्टेरॉइड औषध द्यायचं आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची, असा शिरस्ता ठरला.

१९८१ मध्ये ४७१ मुलांचा हिशेब मांडला गेला. त्यांतल्या ३६८ मुलांची लघवी औषधाने साफ झाली होती. औषध लागू पडलेल्या दर शंभरांतली सुमारे ९२ मुलं किमान बदलाची निघाली. उलट बाजूने पाहिलं, तर किमान बदल असलेल्या दर शंभरांतल्या ९३ मुलांना औषध लागू पडलं होतं. म्हणजे सुई जे सांगणार होती, ते गोळीच सांगत होती. औषध हाच कसोटीचा दगड ठरला. तेव्हापासून ठरावीक वयाच्या मुलाला आधी त्याच जातीचं प्रेडनिसोलोन द्यायचं आणि ते लागू पडलं नाही किंवा काही वेगळी लक्षणं असली तरच तुकडा काढायचा, ही रीत जगभर रुळली. असंख्य मुलांच्या पाठी त्यामुळे सुईपासून वाचल्या.

औषध लागू पडलं की नाही हे कळायला लघवी रोज तपासावी लागते. या कामी अमेरिकेतल्या एल्कहार्ट गावच्या रसायनशाळेतून मदत आली. तिथल्या अल्फ्रेड आणि हेलन फ्री या रसायनशास्त्रज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये लघवीतली साखर दाखवणारी कागदी पट्टी बाजारात आणली होती. पाठोपाठ प्रथिनाची पट्टी आली. लघवीत बुडवली की पिवळी पट्टी प्रथिनाच्या प्रमाणात हिरवी होत जाते. ब्राइट यांचा चमचा आणि मेणबत्ती आता खिशात मावत होती आणि डॉक्टरविना वापरता येत होती.

महाराष्ट्रातल्या शेकडो घरांत ही तपासणी रोजच्या सकाळचा भाग आहे. पट्टी परवडत नसेल तर परीक्षानळीत लघवी तापवून किंवा तिच्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकून गढूळपणा पाहिला जातो. निकाल वहीत उतरवला जातो: निरंक, एक अधिक, दोन अधिक, असा. भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सलग तीन दिवस निरंक किंवा नाममात्र आलं तर आजार आवरला. सलग तीन दिवस तीन किंवा चार अधिक आलं तर तो उलटला. हा निर्णय मूल सुजण्याआधी घेता येतो, हे या वहीचं मोल. रूलान्स यांच्या काळात सूज हीच पहिली खबर होती; आता सुजेच्या आधीची खबर आईच्या अक्षरात लिहिलेली असते.

गळतीचा हा मामला एका बाजूला. दुसऱ्या बाजूला गाळणी तुंबण्याचा प्रश्न होता. मूत्रपिंड रक्त किती गाळतं ते कसं मोजायचं?

इथे क्रिएटिनिन पुढे आलं. स्नायूंच्या रोजच्या कामकाजातून निघणारा हा कचरा मूत्रपिंड बाहेर टाकतं. गाळणी मंदावली की तो रक्तात साठतो. क्योनिग्सबर्गचे मॅक्स याफे यांना १८८६ मध्ये आढळलं की पिक्रिक आम्लाशी संयोग झाला की क्रिएटिनिन नारिंगी-तांबडा रंग धरतं. पुढे ओटो फोलिन यांनी या रंगावरून त्याचं मोजमाप बसवलं आणि कोपनहेगनच्या पोल रेबर्ग यांनी १९२६ मध्ये गाळण्याचा वेग काढण्यासाठी त्याचा वापर केला. आजही रक्ताच्या अहवालात जे क्रिएटिनिन येतं, त्यामागची अनेक यंत्रं याफे यांच्याच रंगावर चालतात.

मुलांच्या बाबतीत मात्र या आकड्याने डॉक्टरांना वर्षानुवर्षं फसवलं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि मुलाचे स्नायू कमी असतात. शंभर सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन १.० आलं, तर मोठ्यांच्या सवयीने पाहणारा डॉक्टर निश्चिंत होईल. प्रत्यक्षात त्या मुलाची गाळणी निम्म्याहून अधिक थांबलेली असते. जॉर्ज श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये यावर सोपा तोडगा काढला: मुलाच्या उंचीला एका स्थिरांकाने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं. फूटपट्टी आणि रक्ताचा एक आकडा एवढ्यावर गाळण्याचा वेग मिळू लागला. अमेरिकेत मूत्रपिंडाचे जुनाट आजार असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू झाल्यावर २००९ मध्ये श्वार्ट्झ यांनीच हे सूत्र सुधारलं आणि स्थिरांक ०.४१३ ठरला. या सूत्राने शंभर सेंटिमीटरच्या त्या मुलाचा वेग जेमतेम ४१ येतो.

उंचीचा प्रश्न सुटला, वेळेचा नाही. मूत्रपिंडाला अचानक इजा झाली, तर क्रिएटिनिन त्याच दिवशी वाढत नाही. कचरा साठायला वेळ लागतो, आणि शिल्लक राहिलेल्या गाळण्या जास्त राबून तूट भरून काढतात. कार्यक्षमता निम्म्यावर येईपर्यंत आकडा हलत नाही, असंही घडतं. नवजात बाळात तर गोंधळ आणखी मोठा, कारण पहिल्या काही दिवसांत त्याच्या रक्तात आईचंच क्रिएटिनिन असतं. १९८५ मध्ये स्वीडनच्या लुंड इथल्या आंडेर्स ग्रुब आणि सहकाऱ्यांनी सिस्टॅटिन सी हे प्रथिन पर्याय म्हणून सुचवलं. ते स्नायूंवर अवलंबून नसल्याने मुलांसाठी सोयीचं होतं. पण स्टेरॉइड चालू असलेल्या मुलात त्याचीही पातळी चढते. शिवाय क्रिएटिनिन काय किंवा सिस्टॅटिन काय, दोघंही गाळण्याचा वेग सांगतात. पेशीला इजा झाली त्या क्षणाची बातमी दोघांकडेही नव्हती.

उंदरांवर मूत्रपिंड वाचवणारी औषधं यशस्वी होत आणि माणसांत फसत. यामागचं एक कारण अनेकांना दिसत होतं: उंदराला औषध इजेच्या वेळी मिळतं, माणसाला क्रिएटिनिन वाढल्यावर, म्हणजे दोन दिवस उशिरा.

सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात प्रसाद देवराजन यांच्या गटाने या उशिरावरच बोट ठेवलं. उंदराच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही काळ थांबवायचा, मग सोडायचा आणि पहिल्या काही तासांत कोणती जनुकं खडबडून जागी होतात ते पाहायचं, असा प्रयोग त्यांनी मांडला. जी जनुकं सर्वांत जोरात चालू झाली त्यांत एक होतं एनगॅल. त्याचं प्रथिन नवखं नव्हतं. १९९३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांना ते पांढऱ्या पेशींत सापडलं होतं. जंतू लोह पळवण्यासाठी जे रेणू सोडतात, ते हिसकावून घेऊन जंतूंना उपाशी ठेवणं हे त्याचं काम. प्राणवायू न मिळालेल्या मूत्रनलिकेच्या पेशीही ते भरभरून बनवतात आणि ते लघवीत उतरतं, ही बातमी मात्र नवी होती. जया मिश्रा प्रथम लेखिका असलेला हा शोधनिबंध २००३ मध्ये आला. उंदराच्या लघवीत एनगॅल दोन तासांत दिसत होतं.

आता मुलांकडे वळायचं होतं. त्यासाठी गटाने हृदयाची शस्त्रक्रिया होणारी मुलं निवडली. जन्मजात दोष दुरुस्त करताना हृदय थांबवून रक्त यंत्राकरवी फिरवलं जातं आणि त्या वेळी मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असतो. संसर्ग किंवा अपघात झालेल्या मुलात इजा नेमकी कधी झाली हे सांगता येत नाही. इथे मात्र ती वेळ घड्याळात पाहून लिहिता येत होती. एखाद्या खुणेची परीक्षा घ्यायला याहून स्वच्छ प्रसंग मिळाला नसता.

७१ मुलं अभ्यासात आली. ठरावीक तासांनी त्यांचं रक्त आणि लघवी साठवली गेली. २० मुलांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याचं पुढे निघालं. क्रिएटिनिनवरून ते ओळखायला एक ते तीन दिवस गेले. साठवलेल्या नमुन्यांनी मात्र वेगळीच हकीगत सांगितली. इजा झालेल्या मुलांच्या लघवीतलं एनगॅल शस्त्रक्रियेआधी सरासरी १.६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होतं, ते दोन तासांत १४७ वर गेलं होतं. ५० ही सीमा धरली तर वीसपैकी एकही मूल निसटत नव्हतं आणि इजा न झालेल्या मुलांवर खोटा ठपकाही क्वचितच येत होता. एप्रिल २००५ मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन जे काम करतं, ते मूत्रपिंडासाठी करणारी खूण सापडली, अशी आशा सगळीकडे उमटली.

इतका चोख निकाल पाहिला की जाणता वाचक आधी विचारतो, मुलं कोणती होती? ती एकाच रुग्णालयातली होती. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेली मुलं आधीच वगळलेली होती आणि सगळ्यांची इजा एकाच प्रकारची होती. पुढे चिराग पारीख यांच्या नेतृत्वाखाली अनेक केंद्रांतल्या ३११ मुलांवर मोठा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. खुणा तिथेही पहिल्या सहा तासांतच वर आल्या, क्रिएटिनिन पुन्हा मागेच राहिलं. पण अचूकता पहिल्यासारखी राहिली नाही. अतिदक्षता विभागातल्या मुलाला तर एकाच वेळी जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तदाबाची घसरण असं सगळं असतं. पांढऱ्या पेशींतून येणारं एनगॅल संसर्गानेही वाढतं. खूण खोटी नव्हती. तिचा अर्थ मुलागणिक बदलत होता.

काही वर्षांनी अशा इजेच्या प्रश्नाचा आवाकाही समजला. २०१७ मध्ये चार खंडांतल्या ३२ अतिदक्षता विभागांतल्या ४६८३ मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दर चौघांतल्या एकाहून जास्त जणांच्या मूत्रपिंडाला पहिल्या आठवड्यात इजा झाली होती. ज्यांची इजा गंभीर होती त्यांच्यातले ११ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण अडीच टक्के होतं. त्यात आणखी एक आकडा होता, आणि तो कोणत्याही परिचारिकेने वाचावा असा आहे. ज्या मुलांची लघवी कमी झाली होती, त्यांतल्या ६७ टक्क्यांची इजा नुसत्या क्रिएटिनिनवर भिस्त ठेवली असती तर सुटून गेली असती. दर तासाला लघवी मोजून लिहिणं, ही बिनखर्चाची खूण रक्ततपासणीतून निसटणारी मुलं पकडत होती.

सिनसिनाटीतच स्टुअर्ट गोल्डस्टीन यांनी आणखी एक वाट दाखवली. मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारी तीन किंवा जास्त औषधं एकाच वेळी चालू असलेली मुलं रोज यादी काढून शोधायची, त्यांचं क्रिएटिनिन रोज तपासायचं आणि औषध बदलता येईल का हे फार्मासिस्टने डॉक्टरांना विचारायचं. खूण जुनीच, याफे यांच्या रंगाची. फक्त ती उशिरा न पाहता रोज पाहिली गेली. या रुग्णालयात औषधांमुळे होणारी इजा ६४ टक्क्यांनी उतरली. २०२० मध्ये नऊ रुग्णालयांचा एकत्रित हिशेब आला, तेव्हा ती जवळजवळ २४ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. नव्या प्रथिनांच्या शोधात गुंतलेल्या शास्त्राला या आकड्यांनी जमिनीवरची गोष्ट दाखवली: खुणेनंतर कोणी काही करणार असेल तरच मुलाला तिचा फायदा.

‘पुढे काय होणार’ या दुसऱ्या प्रश्नाचा शोध दरम्यान दुसऱ्याच प्रदेशात चालू होता. फिनलंडमध्ये काही बाळं जन्मतःच लघवीतून प्रचंड प्रथिन गमावत. स्टेरॉइडचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नसे. १९९८ मध्ये कार्ल त्रिग्वासन यांच्या गटाने या आजाराचं जनुक शोधलं आणि ज्या प्रथिनाची कृती ते सांगतं त्याला नेफ्रिन नाव दिलं. गाळणीच्या फटीवरची जाळी या प्रथिनाने विणलेली असते. दोन वर्षांनी पॅरिसच्या कोरिन आंतिन्याक यांच्या गटाला पोडोसिन हे आणखी एक प्रथिन सापडलं. पोडोसिनच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्या मुलांना स्टेरॉइड लागू पडत नाही, हे २००४ पर्यंत स्पष्ट झालं. स्टेरॉइड दाद देत नसलेल्या १७८३ कुटुंबांची तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे तीस टक्क्यांत एकाच जनुकाचा दोष आढळला. अशा मुलाला महिनोन्महिने जड औषधं देऊन त्याची वाढ खुंटवण्याचं कारण उरत नाही. आईवडिलांनाही पुढच्या प्रत्यारोपणाबद्दल खरं बोलता येतं.

जनुकांनी पक्कं उत्तर दिलं ते थोड्यांनाच. उरलेल्यांसाठी रक्तात फिरणाऱ्या दोषी घटकाचा शोध अनेक दशकं चालला होता. २०११ मध्ये सूपार नावाच्या प्रथिनाची मोठी चर्चा झाली. गाळणीवर चट्टे पडणाऱ्या आजाराचं ते कारण असावं, असा दावा आला. इतर प्रयोगशाळांनी तपासल्यावर दिसलं की गाळणी मंदावली की ते असंही वाढतं. मुलांमध्ये एक आजार दुसऱ्यापासून वेगळा काढायला त्याचा उपयोग होईना. जगभरच्या गटांनी ही पडताळणी चिकाटीने केली, म्हणूनच त्याच्या आधाराने मुलांवर उपचार ठरवण्याची वेळ आली नाही.

आणि मग २०२४ मध्ये हाम्बुर्गच्या संशोधकांच्या पुढाकारातला निबंध आला. फिनलंडच्या बाळांत जे नेफ्रिन जन्मतः बिघडलेलं असतं, त्याच नेफ्रिनवर काही मुलांचं शरीर स्वतःच हल्ला चढवतं. नेफ्रोटिक सिंड्रोम भरात असलेल्या आणि औषध अजून सुरू न झालेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांच्या रक्तात नेफ्रिनविरोधी प्रतिपिंडं सापडली. आजार आवरला की ती कमी होत. स्टेरॉइड इतक्या मुलांना का लागू पडतं, या सत्तर वर्षांच्या कोड्याच्या एका उत्तराला इथे ठोस पुरावा मिळाला. आजार उलटणार हे पट्टीच्याही आधी सांगणारी खूण यातून घडेल का, याची तपासणी आता चालू आहे.

एनगॅलचा प्रवासही दरम्यान एका टप्प्यावर पोहोचला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये लघवीतल्या एनगॅलची चाचणी मंजूर केली: तीन महिने ते २१ वर्षं वयाच्या, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी. पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडाला मध्यम किंवा गंभीर इजा होण्याचा धोका किती, एवढंच तिने सांगायचं आहे. बहुतेक चाचण्या मोठ्यांसाठी बनतात आणि मुलांसाठी नंतर बेतल्या जातात. इथे ७१ मुलांपासून सुरू झालेली वाट मुलांच्याच मंजुरीपाशी पोहोचली. त्याला अठरा वर्षं लागली.

एवढ्या नव्या खुणा जमल्या तरी ब्राइट यांचा साका बाद झालेला नाही. युरोपातल्या ३८५ मुलांवर रक्तदाब काटेकोर आवरण्याचा प्रयोग झाला होता. पाच वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. रक्तदाब खाली आणणं आणि लघवीतलं प्रथिन कमी होणं या दोन्हींवरून मूत्रपिंड किती टिकेल याचा स्वतंत्रपणे अंदाज येत होता. चमच्यात जे फुटत होतं, त्यावरूनच अजूनही मुलाच्या पुढच्या वर्षांचा हिशेब मांडता येतो.

या साऱ्याचा उपयोग मात्र सारखा वाटला गेलेला नाही. जनुकांची तपासणी, प्रतिपिंडांची मोजणी, एनगॅल यांची सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी आहे आणि खर्चही मोठा. तालुक्याच्या रुग्णालयात जुलाबाने कोरडं पडलेलं किंवा साप चावलेलं मूल येतं, तेव्हा त्याच्या मूत्रपिंडाचा सांगावा आणणारी साधनं दोनच असतात: लघवी मोजायचं भांडं आणि क्रिएटिनिन. २०१७ च्या अभ्यासाने त्यांतल्या पहिल्याचं वजन सिद्ध केलं आहे. ते भांडं दर तासाला पाहून लिहिणारं कोणी रात्रपाळीला असावं लागतं.

नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या मुलाच्या घरी पाहणी पहाटेच होते. झोपेतून उठलेलं मूल पहिली लघवी वाटीत करतं, आई पट्टी बुडवते आणि बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहते. पट्टी पिवळीच राहिली तर वहीत तारखेपुढे निरंक लिहिलं जातं आणि मूल दप्तर घेऊन शाळेला निघतं.